एसावाचे हात: रोमला भाऊ मानणारी परंपरा

यहुदी धर्मग्रंथातील कथेनुसार इसहाकाची पत्नी रिबका हिच्या पोटात जुळी मुले झगडत होती, तेव्हा ‘तुझ्या उदरात दोन राष्ट्रे आहेत, थोरला धाकट्याची सेवा करील’ असे देवाने तिला सांगितले. त्यांतला थोरला एसाव शिकारी होता, आणि भुकेपोटी मसुरीच्या तांबड्या कालवणासाठी त्याने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या याकोबाला, म्हणजे यहुद्यांच्या पूर्वजाला, विकला. मृत समुद्राच्या आग्नेयेचे अदोमी हे त्याचे वंशज. इ.स.पू. 586 मध्ये बाबिलोनी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले तेव्हा हे भाऊबंद हर्षले, याचा सल ओबद्या संदेष्ट्याच्या वचनांत उमटला आहे.

कालांतराने अदोमचे राज्य लयाला गेले. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे यहुदी मंदिर जाळले, 135 मध्ये बार कोखबा या यहुदी नेत्याचा रोमविरुद्धचा उठाव बेथार येथे चिरडला गेला, आणि रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, एसावाच्या जागी रोम पाहू लागले. रोमने यहूदियाच्या गादीवर बसवलेला हेरोद मूळच्या अदोमी घराण्यातला होता, हेही त्यामागे असावे.

थोरल्याचा आशीर्वाद मिळवण्यासाठी याकोब एसावाचे सोंग घेऊन आला, तेव्हा करडांची कातडी गुंडाळलेले त्याचे हात चाचपून आंधळा इसहाक म्हणाला होता, ‘आवाज याकोबाचा, पण हात एसावाचे.’ तालमूद हा रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ सांगतो की मंदिर जाळून यहुद्यांना देशोधडीला लावणारे रोमचे राज्य म्हणजेच ते हात. ‘बरेशीथ रब्बा’ या प्राचीन भाष्यसंग्रहानुसार सभास्थानांत मुलांचे पाठांतर ऐकू येते तोवर त्या हातांचे काही चालत नाही. तिथेच एसावाला डुकराची उपमा आहे: ते निजताना शुद्ध प्राण्याची खूण मानले जाणारे दुभंगलेले खूर पुढे पसरून आपण शुद्ध असल्याचे दाखवते, तसे रोम लुटते आणि वर न्यायासन मांडल्याचा आव आणते.

एवढा राग असूनही शत्रूला सख्खा जुळा भाऊ मानणे, हे मला या परंपरेतले सर्वांत मोठे धाडस वाटते, कारण त्या नात्यामुळेच रिबकेला मिळालेले वचन पराभूतांनाही आधार देत राहिले. चौथ्या शतकापासून रोमन सम्राट ख्रिस्ती झाले, तसे ‘अदोम’ हे नाव पुढे ख्रिस्ती सत्तांना लागले आणि मुस्लिम सत्ता इसहाकाचा सावत्र भाऊ इश्माएल याच्या नावाने ओळखल्या गेल्या.

अनेक वर्षांच्या दुराव्यानंतर एसाव धावत येऊन याकोबाचे चुंबन घेतो. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीत त्या क्रियापदाच्या प्रत्येक अक्षरावर आजही टिंब काढतात. या टिंबांचा अर्थ लावताना रब्बी यन्नाय म्हणतात की एसाव चावायलाच आला होता. रब्बी शिमोन बेन एलाझार म्हणतात की त्या क्षणी त्याला खरोखर माया दाटून आली होती. भाष्यसंग्रहाने दोन्ही मते शेजारी शेजारी जपली आहेत.