शाळाबाह्य नातवाची आजी

नमस्कार श्रोतेहो.

'शाळाबाह्य' हा सरकारी कागदावरचा शब्द तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकलाय, ठाऊक नाही. माझी नोकरी त्याच्यामागे धावण्यात गेली. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३१ वर्षं शिकवलं. दिवाळी सरली की आमच्या वर्गात रिकाम्या जागाच जास्त दिसायच्या. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघायची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर आमची पोरंही चढायची. काहींना आजीआजोबांजवळ ठेवायला लावायचं, काहींना हंगामी वसतिगृहात आणायचं, वस्ती-तांडे पालथे घालून यादी करायची. आम्ही येताना दिसलो की पोरं ज्वारीत लपत. मी चप्पल हातात घेऊन त्यांच्यामागे गेलेली आहे.

तर अशा बाईचा नातू आज नऊ वर्षांचा आहे आणि शाळेत जात नाही. दुसरीत असताना लेकीनं आणि जावयानं त्याला काढला. दर रविवारी संध्याकाळी त्याचं पोट दुखायचं, एवढं खरं. पण पोट दुखतं म्हणून कुणी शाळा सोडतं का, असं मी म्हणाले आणि आमच्या घरात वर्षभर त्यावरून कुरबुर चालली. शेवटी लेक म्हणाली, "आई, भांडण्यापेक्षा एकदा आमच्याबरोबर ये आणि डोळ्यांनी बघ."

म्हणून गेल्या जानेवारीत मी पुण्याजवळ, डोंगराच्या पायथ्याशी भरलेल्या होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकू देणाऱ्या पालकांच्या तीन दिवसांच्या संमेलनाला गेले. कडक इस्त्रीची साडी, वही, दोन पेनं. तिथं गेल्यावर कळलं की मी एकटीच अशी आले होते.

दीपप्रज्वलन नाही, हार नाही, मंच नाही. दीपप्रज्वलनाशिवाय सुरू झालेला शैक्षणिक कार्यक्रम मी पहिल्यांदाच पाहिला. छातीवर लावायला एक कागद दिला. वर नाव लिहायचं आणि खाली, 'मी सध्या काय शिकतेय'. एका वडिलांनी लिहिलं होतं, 'भाकरी थापणं'. एका सहा वर्षांच्या मुलीनं पोहण्याचं चित्र काढलं होतं. मी बराच विचार करून लिहिलं, 'निवृत्त'. लेकीनं पाहिलं, बोलली काही नाही.

वेळापत्रक म्हणजे एक रिकामा फळा. ज्याला जे सांगायचं किंवा विचारायचं असेल त्यानं चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं. चिंचेखाली दहावीची परीक्षा, व्हरांड्यात कोंबड्या पाळणं, आणि विहिरीपाशी बारा वर्षांचा एक मुलगा कुलपं कशी चालतात ते दाखवणार. सगळ्यात जास्त गर्दी अर्थातच कुलपांना.

मी चिंचेखाली बसले, कारण तिथं कायद्याची भाषा होती आणि ती मला कळते. शिक्षणहक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू, वय सहा ते चौदा. त्याच्या १०व्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण घातलं नाही तर पालकाला शिक्षा काय, ते सांगितलेलं नाही. या फटीतच ही सगळी मंडळी राहतात. पुढचा रस्ता मला माहीत होता, कारण नापास झालेल्या कितीतरी मुलांचे सतरा नंबरचे फॉर्म, म्हणजे बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसण्याचे अर्ज, मी स्वतः भरलेत. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी, विषय एकेक करून सोडवले तरी चालतात. मनात आलं, हे माझ्या वर्गातल्या पोरांच्या आयांना कुणी सांगितलं असतं तर?

तिथं मुंबईच्या एका मुलीचं उदाहरणही निघालं. सातवीनंतर आईनं तिला शाळेतून काढलं, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय तिला अमेरिकेत एमआयटीत प्रवेश मिळाला. आपल्या आयआयटीचं दार मात्र बारावीवाचून उघडत नव्हतं. ऐकायला छान आहे. पण बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो शाळा फाटकावर लावते, तसलाच हा फोटो. बाकीच्यांचं काय, ते फोटोत दिसत नाही.

'सर्वांगीण' हा शब्द तिथं उठताबसता कानावर पडत होता. मुलाचं सर्वांगीण शिक्षण, हात, डोकं आणि मन यांचं एकत्र शिक्षण. श्रोतेहो, या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. २०१०मध्ये आमच्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. कल्पना उत्तम होती. वर्गात पोरं चाळीस, विषय आठ. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. आता निवृत्त झालेय म्हणून कबूल करते, 'उपक्रमात आनंदाने सहभागी होते' हे वाक्य मी अशा मुलीच्या नावापुढे उतरवलंय, जी त्या आठवड्यात बापाबरोबर साखर कारखान्याच्या तळावर होती.

दुसऱ्या दिवशी माझ्यातली बाई जागी झालीच. नातू अजून अडखळत वाचतो, तो काटा मनात होता. एक तेरा वर्षांची मुलगी सांगत होती की ती वाचायला दहाव्या वर्षी शिकली. मी पिशवीतलं मासिक काढून तिच्यापुढे धरलं, "वाच बरं हे." तिनं अख्खं पान न अडखळता वाचलं. मग मान वर करून म्हणाली, "आजी, तुम्ही माझी तपासणी घेताय का?" सगळे हसले. मीही हसले, पण कानशिलं गरम झाली होती.

त्या रात्री शेकोटीभोवती सगळे बसले, तेव्हा मी माझं म्हणणं मांडलं. म्हटलं, तुम्ही 'घरी शिकवतो' म्हणता ते मला कौतुकाचं वाटायला हवं, पण हे शब्द मी दुसऱ्या अर्थानं ऐकलेत. मुलगी वयात आली की बाप म्हणायचा, बाई, आता तिला घरीच शिकवू. म्हणजे चूल, धाकटी भावंडं आणि लग्न. १८४८मध्ये सावित्रीबाई भिडेवाड्यात शिकवायला जायच्या, तेव्हा मुलींच्या दृष्टीनं शाळा ही घराबाहेर पडायची वाट होती. माझ्या तांड्यावरच्या मुलींना ती वाट आजही लागते. तुम्हाला शाळा सोडता येते, कारण तुमच्या मागल्या तीन पिढ्या शाळेत गेल्या.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक आई म्हणाली, "खरंय. माझ्याकडे याचं उत्तर नाही." दुसरी कुणी तरी शाळा म्हणजे कारखाना वगैरे बोलायला लागली, ते मी ऐकलं नाही. पहिलीचं बोलणं मात्र मला आवडलं. शिक्षण परिषदांत 'उत्तर नाही' असं म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

मग मीच त्यांना कोसबाडच्या टेकडीवरची गोष्ट सांगितली. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे बघून त्या दोघींनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. शेकोटीभोवतीच्या निम्म्या लोकांना अमेरिकन शिक्षणविचारक जॉन होल्टचं 'अनस्कूलिंग', म्हणजे शाळेवाचून मुलानं आपल्या ओढीनं शिकणं, पाठ होतं, पण कुरणशाळा माहीत नव्हती. याचा मला राग आला की आनंद झाला, अजून ठरवता आलेलं नाही. एकानं लगेच कागद पुढे केला, "आजी, उद्या चिंचेखाली हेच सांगा ना." सांगितलं. अकरा माणसं आली होती आणि एक कुत्रा.

नातवाला शाळेत घाला, असं मी अजूनही म्हणते. फक्त पूर्वी रोज म्हणायचे, आता महिन्यातून एकदा.

परत येताना गाडीत तो माझ्याशेजारी बसला होता. रस्त्यात उसानं भरलेली ट्रॉली पुढे लागली आणि आमची गाडी तिच्यामागे रखडली. त्यानं विचारलं, "तुझी पोरं हाच ऊस तोडायची का?" मी म्हटलं, त्यांचे आईवडील. मग मोळी म्हणजे काय, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत कशी चढवतात, उचल म्हणजे काय, ते सगळं निघालं. एका मोळीत किती ऊस आणि समोरच्या ट्रॉलीत किती मोळ्या असतील, याचा त्यानं बोटांवर हिशोब मांडला आणि तीनदा चुकवला. नवराबायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो, हे सांगितलं तेव्हा तो थांबला.

"दोन माणसं मिळून एक कसं?"

पुढच्या सीटवर लेकीनं पर्समधून वही काढली. रोज काय शिकलं ते ती लिहून ठेवते, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला असावं म्हणून. मी म्हटलं, "राहू दे गं. याची नोंद करू नकोस."

ट्रॉली अजून पुढेच होती. तो माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होता.