बंद होता होईना

मंडळी, आधी माझी फजिती सांगतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका ट्रान्झिस्टरचा साधा इन्व्हर्टर जोडला होता (घरातला बॅटरीवाला नव्हे, इनपुट वर गेलं की आउटपुट खाली आणणारं सर्किट). सप्लाय ५ व्होल्ट, कलेक्टरला, म्हणजे मुख्य करंट जिथून शिरतो त्या पायाला, १ किलोओहमचा रेझिस्टर; बेसला, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या पायाला, तेवढाच. १०० किलोहर्ट्झला झकास चालला. १ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल दिला आणि ऑसिलोस्कोपवर आउटपुटची रेघ तळाशी ०.२ व्होल्टवर जी आडवी झाली, ती उठेचना. ट्रान्झिस्टर उडाला म्हणून सायकल काढली, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, त्याच जातीचे चार नवे २एन२२२२ए आणले. चारही तसेच! आणि डेटाशीट तर सांगत होती ३०० मेगाहर्ट्झ.

डेटाशीट बरोबर होती, मी भलतीच ओळ वाचत होतो. त्याच कागदावर खाली स्विचिंगचे आकडे असतात. चालू होताना विलंब १० नॅनोसेकंद, चढायला २५. बंद होताना मात्र आधी २२५ नॅनोसेकंद काहीच घडत नाही, मग उतरायला ६०. ते २२५ म्हणजे स्टोरेज टाइम. तोही बेसमध्ये जितका करंट घातला तितकाच उलटा ओढून घेतला तर. माझ्याकडे ४.३ मिलिअँपिअर आत जात होते आणि बाहेर पडायला वाट जेमतेम ०.७ची. म्हणून माझा स्टोरेज टाइम इतका लांबला की १ मेगाहर्ट्झचा अर्धा फेरा त्यातच संपायचा.

खडकवासल्याला कालव्याचं दार पाडलं म्हणून हडपसरला पाणी तिथल्या तिथे थांबतं का? मधल्या कालव्यात भरलेलं वाहून जावं लागतं. इथेही तेच. कलेक्टरचा रेझिस्टर ५ मिलिअँपिअरच्या वर जाऊ देत नाही. गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून जातो तो आकडा, २०० धरला तर बेसला २५ मायक्रोअँपिअर पुरे होते. मी देत होतो त्याच्या पावणेदोनशे पट! ‘बेसला भरपूर द्या, म्हणजे पक्का ऑन होतो’ असं आपल्याला शिकवतात ना, त्याचा हा प्रताप. कलेक्टर बेसच्याही खाली जातो, त्या दोघांमधला जंक्शन, म्हणजे जोडही पुढच्या दिशेने वाहू लागतो आणि बेस दोन्हीकडून भरत राहतो. हे सॅच्युरेशन. तो साठा उपसला जाईपर्यंत कलेक्टर जागचा हलत नाही.

साठा लवकर मुरावा म्हणून सिलिकॉनमध्ये सोनं मिसळायचे. सोनं म्हणून हुरळू नका, त्याने गेन घटतो. त्यापेक्षा साठा होऊच न देणं शहाणपणाचं. १९५६ मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या रिचर्ड बेकर यांनी त्यासाठी डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, वापरायची युक्ती मांडली. एक डायोड बेसच्या वाटेत, दुसरा इनपुटकडून थेट कलेक्टरला. कलेक्टर ०.७ व्होल्टच्या आसपास आला की जादा करंट बेसमध्ये न शिरता दुसऱ्या डायोडमधून कलेक्टरला निघून जातो. ट्रान्झिस्टर स्वतःच स्वतःची भूक ठरवतो! मला आजही हे सर्किट पाहिलं की बरं वाटतं.

शॉटकी डायोड आल्यावर एकानेच भागलं. तो ०.३ व्होल्टच्या सुमारास वाहू लागतो, म्हणजे बेस-कलेक्टर जंक्शन उघडायच्या आधीच, आणि त्याच्या स्वतःच्या पोटात साठा जवळजवळ नसतोच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जेम्स बिआर्ड यांनी १९६४ मध्ये हा डायोड ट्रान्झिस्टरच्या अंगातच बसवायच्या पेटंटसाठी अर्ज केला. ट्रान्झिस्टरांच्या लॉजिक चिपा म्हणजे टीटीएल; त्यातल्या साध्या गेटला १० नॅनोसेकंद लागायचे, ७४एस मालिकेत ते ३ वर आले. एलएस मालिकेने वेग साधारण जुनाच ठेवला, पण खर्च १० मिलिवॉटवरून २वर आणला. आपल्या पिढीने ब्रेडबोर्डवर खुपसलेल्या एलएस चिपांमध्ये हीच युक्ती होती, आणि कुणी सांगितलं नव्हतं!

माझ्या त्या इन्व्हर्टरला मी पुढे बॅट-८५ नावाचा एक शॉटकी डायोड लावला, अॅनोड बेसला, कॅथोड कलेक्टरला. रेघ उठली, १ मेगाहर्ट्झचे चौकोन दिसू लागले. तळ मात्र ०.२चा ०.४ झाला, तेवढं भाडं पडतंच. म्हणून रिले किंवा दिवा चालवायचा असेल तर यातलं काही करू नका, ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये खुशाल बुडू द्या, तो थंड राहील. रिलेला उचलायलाच काही मिलिसेकंद लागतात.