ढोलीची मालकीण

(दृश्य: पहाट. पर्जन्यवनातलं उंच झाड. ढोलीतून लाल डोकं बाहेर येतं.)

ऑस्ट्रेलियाचं ईशान्य टोक, केप यॉर्क. जंगलाच्याही वर मान काढलेल्या या झाडात खोल ढोली आहे, आणि ढोलीच्या तोंडाशी एक्लेक्टस पोपटाची मादी. भडक लाल डोकं, छाती निळी, चोच काळी. नर हिरवागार, चोच केशरी. युरोपातले अभ्यासक एकोणिसाव्या शतकापर्यंत या दोघांना वेगवेगळ्या जाती समजत होते.

पक्ष्यांत नटण्याचा मान सहसा नराचा. इथे उलटं, कारण चांगल्या ढोल्या फार थोड्या. हाती लागलेली ढोली मादी वर्षातले बहुतेक महिने सोडतच नाही. जागा भरलेली आहे, हे दुसरीला लांबूनच दिसावं म्हणून हा लाल रंग. संकट आलं, की ती आत सरकते. नराला ती सोय नाही. उंबर-वडाच्या जातकुळीतल्या झाडांवर फळांसाठी हिंडायचं, ससाण्याची नजर चुकवायची, तर हिरवाच रंग बरा.

(दृश्य: नर ढोलीपाशी उतरतो.)

बघा, मान खालीवर करत त्याने गिळलेली फळं वर आणली आणि तिच्या चोचीत चोच घालून भरवली. हा गेला, की दुसरा येईल. एका मादीला कधी पाच-पाच नर पोसतात, आणि त्यांतले काही इतर ढोल्यांवरही हजेरी लावतात. निष्ठेच्या गप्पा इथे नकोत.

अंडी दोन. उबवायची मादीने एकटीने, साधारण 28 दिवस.

मग पाऊस. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हाइन्सोन आणि सहकाऱ्यांनी इथल्या झाडांवर चढून वर्षानुवर्षं ढोल्या तपासल्या. काही ढोल्यांत पाणी शिरतं, पिल्लं बुडून मरतात. अशा ढोलीत एक मुलगा, एक मुलगी असेल, तर आई कधीकधी मुलाला पहिल्या काही दिवसांतच मारून टाकते. लवेच्या छटेवरून दोघं लवकर ओळखू येतात. मुलाचाच बळी का? मुलगी साधारण आठवडाभर आधी उडते, आणि भर पावसात तेवढा आठवडा पुष्कळ झाला.

कोरड्या ढोलीत दोन्ही पिल्लं वाढू शकतात. अकराएक आठवड्यांनी बाहेर पडलेला मुलगा फळांच्या मागे जातो. मुलीला मात्र पुढे स्वतःची ढोली मिळवावी लागते. ती रिकामी सहसा सापडत नाही, आणि ढोलीसाठी माद्या एकमेकींच्या जिवावर उठतात.