बास बोटीतून मस्की

सेंट क्लेअर सरोवर. एका तीरावर मिशिगन, दुसऱ्यावर ओंटारिओ. पसारा प्रचंड, पण सरासरी खोली जेमतेम 11 फूट. इतक्या उथळ पाण्यावर वारा सुटला की तोकड्या, उभ्या लाटा एकीमागून एक आदळतात. म्हणूनच मस्की, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा, धरणारे इथे उंच काठाची बोट पसंत करतात. ही मात्र बास बोट आहे, बास मासे धरण्यासाठी बनवलेली: 20 फुटी, फायबरग्लासची, काठ पाण्यापासून जेमतेम हातभर.

या सखल काठाचा एक फायदा आहे, आणि तो मोठा आहे. मस्की आमिषाच्या मागे पार बोटीपर्यंत येतो, पण तोंड घालेलच असं नाही. अशा वेळी आमिष वर काढायचं नाही. रॉडचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठ काढत राहायचं. वळणं रुंद हवीत. चार फुटी मासा चिंचोळ्या वळणात वळूच शकत नाही. लीडर, म्हणजे आमिषाला जोडलेला दोरीचा मजबूत तुकडा, फूटभर तरी बाहेर राहू द्या. तो टोकाच्या कडीपर्यंत गुंडाळला, तर आमिष मोकळं फिरत नाही. उंच बोटीवर याच कामासाठी वाकावं लागतं. इथे उभ्या उभ्या निम्मा रॉड पाण्यात जातो.

मासा लागला, की जाळ्यातच, पाण्यातच ठेवायचा. काठावर गुडघे टेकले की हात थेट पोचतो. लांब पक्कडीने गळ निघाला तर ठीक, नाहीतर कटरने सरळ तोडायचा. गळ नवा मिळतो. बास बोटीची माशांची टाकी विसरा, हा मासा त्यात मावणार नाही. पाणी 27 अंश सेल्सियसच्या वर गेलं असेल, तर गळ टाकूच नये. दमलेला मासा सोडला तरी बऱ्याचदा मरतो.

बोटीत थोडे बदल लागतात. रॉडचे कप्पे सात-आठ फुटी रॉडच्या मापाचे, मस्कीचा रॉड नऊ फुटी; मूठ आत सरकणारा घ्या. डेकवरच्या गालिच्यात तीन टोकांचे गळ असे रुततात, की सोडवता सोडवता मासा निघून जातो. वर रबरी मॅट अंथरा. ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढण्यासाठी, रॉड होल्डर बसवताना नुसते स्क्रू नकोत. मोठ्या आमिषाच्या ओढीने ते उपटून येतात. खालून ॲल्युमिनियमची पट्टी देऊन बोल्टच मारा.

आता लाटा. वेगात असताना थ्रॉटल एकदम सोडला, तर बोटीचीच मागची लाट मागच्या फळीवरून आत येते आणि नाक पुढच्या लाटेत घुसतं. वेग हळूहळू उतरवा, इंजिनाचा ट्रिम, म्हणजे त्याचा कल, जरा वर ठेवा, लाट समोरून न घेता तिरपी घ्या. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला बांधलेली हवी आणि पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू होणारा. आणि वारा उघड्या पाण्यावरून येत असेल, तर हट्ट न करता आडोशाच्या किनाऱ्यालाच गळ टाका.