"थे काय मोजाचं असते?"

श्रोतेहो, नमस्कार.

वर्धा रोडने जाताना रहाटे कॉलनीजवळ आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. आपण रोज तिच्या बाजूने जातो, पण आत कोण आहे याचा विचार क्वचितच करतो. मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे निरनिराळ्या तुरुंगांतून सुटलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात.

त्यातला एक पंचविशीतला मुलगा मला विसरता येत नाही. कच्चा कैदी म्हणून काही महिने काढून जामिनावर सुटला होता. आत असताना त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. लहानपणी कोणी मारहाण केली का, असं विचारल्यावर पटकन म्हणाला, "नाही जी. बाप मारे, तेवढंच." कशानं मारायचा? तर पट्ट्यानं, आणि नंतर रात्रभर घराबाहेर ठेवायचा. मी गप्प झाले, तसा तोच म्हणाला, "थे काय मोजाचं असते?"

ते मोजायचं असतं, श्रोतेहो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत डॉ. फेलिट्टी आणि डॉ. अँडा यांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. मारहाण, लैंगिक अत्याचार, अपमान, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड. असे चार किंवा त्याहून जास्त प्रकारचे आघात ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता, काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत सुमारे १२ पट आढळली. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या तुरुंगांत अभ्यास झाले आणि कैद्यांमध्येही हाच धागा सापडला. बालपणी छळ सोसलेल्या कैद्यांत आत्महत्येचे प्रयत्न जास्त.

असं का होतं? सतत मार खाणारं पोर पावलांच्या आवाजावरून बापाचा आजचा रंग ओळखायला शिकतं. मदत मागितली की आणखी मार बसतो, म्हणून मागणंच सोडून देतं. आपल्यातच काही खोट आहे, अशी त्याची खात्री होते. हेच पोर मोठं होऊन बराकीत जातं, तेव्हा त्याचं बालपण परत अंगावर येतं. दार बाहेरून बंद, किल्ली दुसऱ्याच्या हातात, रात्री कोण अंगावर ओरडेल याचा नेम नाही. इथून सुटका नाही, ही भावना त्याच्या जुन्या ओळखीची असते, आणि आत्महत्येच्या विचाराला तीच खतपाणी घालते. आतले पहिले दिवस सगळ्यात नाजूक. पुढे जामीन फेटाळला गेला, मुलाकातीला घरचं कोणी आलं नाही, की तीच जखम उघडी पडते.

मार खाल्लेला प्रत्येक जण या वाटेनं जात नाही, बहुतेक जण तगतात. आणि मी गुन्ह्याची वकिलीही करत नाही. ज्याच्या घरावर घाला पडला त्याचं दुःख मोठंच आहे. पण न्यायालयानं दिलेली शिक्षा कैदेची असते, मरणाची नसते. कच्च्या कैद्याला तर शिक्षाच झालेली नसते, आणि आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूंत सगळ्यात जास्त आत्महत्याच असतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कैद्यांसाठी, विशेषतः पहिल्यांदाच आत आलेल्यांसाठी, समुपदेशक नेमायला सांगितलं, ते याच काळजीपोटी.

त्या समुपदेशकानं बालपणाबद्दल विचारावं, असं मला मनापासून वाटतं. पुरुषांनाही विचारावं. केंद्र सरकारनं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांत मुलगेही मोठ्या संख्येनं होते. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्यावर माणसाला हायसं वाटतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

तुमच्या घरचं कोणी आत असेल, तर मुलाकातीत केस आणि वकिलाच्या बोलण्यात सगळा वेळ घालवू नका. झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारा. काही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी तुरुंगाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि तुमचं स्वतःचं मन खचलं असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या: १४४१६. दिवसरात्र, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. एखाद्या लेकराला आज, आत्ता मार बसत असेल, तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे १०९८.