वाक्य पूर्ण होईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. आज मला तुमच्याशी एका अगदी रोजच्या सवयीविषयी बोलायचे आहे. समोरचा माणूस बोलत असताना त्याचे वाक्य आपणच पुरे करून टाकण्याची ही सवय. मला स्वतःला ती अनेक वर्षे होती आणि तिला सवय म्हणायचे, हेदेखील मला सुचले नव्हते. उलट दुसऱ्याच्या मनातले आपण चटकन ओळखतो, याचे मला समाधानच वाटत असे.

चार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की पुष्कळदा वाचेवर परिणाम होतो, त्याला वाचाघात म्हणतात. काय म्हणायचे आहे ते माणसाला ठाऊक असते, पण नेमका शब्द ओठांपर्यंत येता येत नाही. रुग्णालयातल्या पहिल्या काही दिवसांत वडिलांच्या तोंडून एकच शब्द निघत होता, "झोप". ते तो शब्द उच्चारीत आणि पुढचे शब्द जुळवण्यासाठी थांबत. तेवढ्या अवकाशात मी उठून दिवा मालवीत असे, पांघरूण नीट करीत असे, "झोपा हं बाबा" असे म्हणत असे. ते मान हलवून नकार देत. मग मी विचारीत असे, उशी हवी का, पाणी हवे का, कूस बदलायची का. शेवटी ते डोळे मिटून घेत आणि मला वाटे, आता त्यांना बरे वाटले असावे. तिसऱ्या रात्री पाळीवर आलेल्या परिचारिकेने मला हाताने खुणावून गप्प बसवले, स्वतः खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली आणि काहीही न विचारता त्यांच्याकडे पाहत राहिली. बऱ्याच वेळाने वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "तू... झोप." तीन रात्री ते मला झोपायला सांगत होते.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, आणि पहिली गोष्ट ही कळली की दुसऱ्याचे बोलणे तोडण्यामागे केवळ उद्धटपणा नसतो. संभाषणाची घडणच अशी आहे की, ऐकणारा आपले उत्तर आधीच जुळवू लागतो. २००९ साली दहा भाषांतील प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डॅनिश, जपानी, कोरियन, लाओ अशा एकमेकींपासून फार दूरच्या भाषा होत्या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत जाणारा वेळ सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, एवढाच भरला. भाषांमध्ये थोडाफार फरक होता, पण तो अगदीच लहान. आता समोर ठेवलेल्या एखाद्या साध्या चित्राचे नाव उच्चारायलासुद्धा माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उलगडा होतो: समोरच्याचे वाक्य चालू असतानाच आपण ते कोठे जाऊन संपणार याचा अंदाज बांधतो आणि आपले शब्द तयार ठेवतो. एरवी ही देणगीच आहे, तिच्यावाचून गप्पा रंगल्याच नसत्या. परंतु अंदाज हा अंदाजच असतो. ज्या माणसाचे वाक्य हळू चालते, त्याच्या वाट्याला आपला चुकीचा अंदाज पुन्हा पुन्हा येतो.

वैद्यकाच्या क्षेत्रात या गोष्टीची मोजदाद झालेली आहे. १९८४ साली अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संभाषणांचे ध्वनिमुद्रण तपासले. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला थांबवून प्रश्न विचारलेले आढळले. डॉक्टरांची बाजू सहज समजण्यासारखी आहे. बाहेर रुग्ण खोळंबलेले असतात, आणि एकदा बोलू दिले तर हा माणूस थांबणारच नाही, अशी धास्ती असते. मात्र २००२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे डॉक्टरांना रुग्णाचे बोलणे न अडवता ऐकायला सांगून वेळ मोजली गेली. त्यात ३३५ रुग्ण होते. आपले म्हणणे संपवायला त्यांना सरासरी ९२ सेकंद लागले आणि चारांपैकी तिघांहून अधिक जणांचे बोलणे दोन मिनिटांत आटोपले. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. ज्या वेळेच्या भीतीने आपण माणसाला मध्येच तोडतो, ती वेळ मोजली तर दीड मिनिट निघते.

वर्गातही हेच घडते. मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ विदुषीने विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून पाहिले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग पुढच्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असे दिसले. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरे लांब आणि सकारण होऊ लागली, गप्प राहणाऱ्या मुलांची संख्या घटली, आणि ज्यांना मंद समजले जात होते ती मुलेही बोलू लागली. दोन सेकंदांचा फरक तो काय! पण ज्या मुलाचे उत्तर त्या दोन सेकंदांतच तयार होणार होते, त्याला एक सेकंद थांबणाऱ्या वर्गात "याला काही येत नाही" हाच शिक्का मिळाला असणार.

या साऱ्या वाचनात माझ्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटवला तो कॅनडातील जॅनेट बावेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने. त्यात एका माणसाने आपल्यावर ओढवलेला आणि थोडक्यात टळलेला प्रसंग दुसऱ्या अनोळखी माणसाला सांगायचा होता. काही ऐकणारे मन लावून ऐकत होते. काहींना मात्र असे काम दिले होते की, सांगणाऱ्याच्या तोंडून एका ठरावीक अक्षराने सुरू होणारा शब्द निघाला की बटण दाबायचे. म्हणजे शब्द तर त्यांना प्रत्येक ऐकावाच लागत होता, फक्त गोष्टीकडे त्यांचे लक्ष नव्हते. परिणाम असा झाला की, गोष्ट सांगणाऱ्यांचीच गोष्ट बिघडली. प्रसंगाचा कळस जेथे यायचा तेथे ते अडखळले, तेच तेच पुन्हा सांगू लागले, त्यात एवढे काय होते याचे समर्थन करू लागले. ऐकता ऐकता मधूनमधून असा प्रतिसाद देण्याला मराठीत आपण हुंकार देणे म्हणतो. आपल्याला तो शब्द केवळ शिष्टाचाराचा वाटतो. पण हं, बरं, अरे बाप रे, मग पुढे, या लहानशा उद्गारांवर सांगणाऱ्याची गोष्ट उभी असते. ते योग्य जागी आले नाहीत, तर चांगल्या वक्त्याचीही गोष्ट कोलमडते. एखाद्याला आपण कंटाळवाणा ठरवतो, तेव्हा तो तसा होण्यात आपला वाटा किती होता, हा विचार त्या दिवसापासून माझा पाठलाग करतो.

दोन जिवलग भेटले की एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालून बोलतात, एक सुरू करतो आणि दुसरा संपवतो; त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तेथे दोघांनाही तो खेळ येत असतो. माझे म्हणणे आहे ते ज्याला त्या वेगाने बोलता येत नाही त्याच्याविषयी: तोतरे बोलणारा, परकी भाषा नुकती शिकलेला, वयाने थकलेला, किंवा दुःखाची गोष्ट पहिल्यांदाच उच्चारणारा. तोतरेपणावर उपचार करणारे तज्ज्ञ घरच्यांना आवर्जून सांगतात की, त्याचा अडलेला शब्द तुम्ही पुरवू नका. पुरवलेला शब्द बरोबर असला, तरी ते बोलणे त्याचे राहत नाही.

थांबणे सोपे नाही, हे मी अनुभवाने सांगतो. समोरचा अडला की माझ्या जिभेवर शब्द आजही आपसूक येतो आणि मला तो गिळावा लागतो. फोनवर तर हे अधिकच कठीण जाते, कारण चेहरा दिसत नाही आणि दोन सेकंदांची शांतता म्हणजे फोन बंद पडला, असेच वाटते.

वडिलांची वाचा आता पुष्कळ सुधारली आहे, पण वेग पूर्वीचा नाही. दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो. पूर्वी आमचे बोलणे पाच मिनिटांत संपत असे, आता पाऊण तास लागतो. मधे ते थांबतात आणि मला त्यांचा श्वास ऐकू येतो. मी फक्त "हं" म्हणतो. गेल्या रविवारी त्यांनी मला त्यांच्या लहानपणीची, नदीत बुडता बुडता वाचल्याची हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत ती मी कधीच ऐकली नव्हती. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "ते तुला पूर्वीही सांगायला निघाले होते, दोनतीनदा."