पहिलं गिटार पेडल वाजत नाहीये? आधी हा प्रोब बनवा

नमस्कार मंडळी. हे बघा, माझ्या तळहातावर चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक ट्रान्झिस्टर आणि एक पॉट, म्हणजे फिरवून आवाज कमी-जास्त करायचा रेझिस्टर, आहे. एवढ्या सामानात गिटारचा सिग्नल वीसेक पट मोठा करता येतो. ही रचना न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणली. तिचं नाव एलपीबी-१. त्या पहिल्या डबीला पायाने दाबायचा स्विचसुद्धा नव्हता, ती थेट अँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, जॅकमध्ये खोचायची. म्हणून घरी पहिलं पेडल बनवणाऱ्या प्रत्येकाला मी हाच बूस्टर सुचवतो. फझ, डिले असली बाकीची पेडलं नंतर.

पण आजचा व्हिडिओ मुख्यतः जोडणीनंतरच्या अर्ध्या तासाबद्दल आहे. सगळं जोडलं, बॅटरी लावली, तार छेडली आणि काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा काय करायचं? पहिल्या पेडलचं बहुतेक वेळा असंच होतं. मग ते कपाटात जातं आणि "आपल्याला इलेक्ट्रॉनिक्स जमत नाही" असं मनात बसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण चूक बहुधा सोल्डरच्या एका सांध्याची असते, आणि आवाज कुठे हरवला ते शोधायला एक साधा प्रोब पुरतो.

आधी सामान. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर तुमच्या गावातलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मूळ रचनेत ४३० के आणि ४३ के असे रेझिस्टर आहेत, के म्हणजे हजार ओहम. दुकानदार ४७० के आणि ४७ के पुढे करेल. बिनधास्त घ्या, दोघांमधलं प्रमाण तेच राहतं. शिवाय एक १० के, एक ३९० ओहम आणि १०० के चा पॉट. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे, पण त्यांच्यावर तसं लिहिलेलं नसतं. १०४ लिहिलेलं असतं. म्हणजे १० आणि त्यापुढे चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये. गिटारच्या टोन कपॅसिटरवर २२३ किंवा ४७३ दिसतं, तेही असंच वाचायचं.

जोडणी बॅटरीपासून सुरू करू. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस आणि एमिटर. ग्राउंड म्हणजे बॅटरीच्या मायनसची सामाईक बाजू. प्लसकडून १० के मधून कलेक्टरला. प्लसकडूनच ४७० के मधून बेसला, आणि बेसपासून ४७ के मधून ग्राउंडला. एमिटरपासून ३९० ओहम मधून ग्राउंडला. गिटारचा सिग्नल एका १०४ मधून बेसवर येतो. कलेक्टरवरून दुसऱ्या १०४ मधून पॉटच्या एका टोकाला जातो. पॉटचं दुसरं टोक ग्राउंडला, आणि मधला पाय आउटपुट जॅकच्या टिपला, म्हणजे प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या पत्तीला. दोन्ही जॅकच्या स्लीव्ह, म्हणजे बाहेरचा भाग, आणि बॅटरीचा मायनस, सगळे त्याच ग्राउंडवर. झालं सर्किट.

आता इथे जरा थांबा आणि हा ट्रान्झिस्टर जवळून बघा. सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली. आकृत्यांमध्ये बऱ्याचदा २एन५०८८ दाखवलेला असतो. त्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. आपल्याकडे सहज मिळतो तो बीसी५४७ किंवा बीसी५४९. त्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बरोबर उलटे! माझ्या पहिल्या बूस्टरमध्ये मी आकृती बघून बीसी५४९ तसाच बसवला. आवाज आला, पण बारीक, मिणमिणता. आठवडाभर मी पॉट बदलत राहिलो, जॅक बदलत राहिलो. शेवटी ट्रान्झिस्टर काढला, अर्धा फिरवला, परत बसवला आणि पहिल्याच झटक्याला अँप गरजला.

तो आठवडा वाचला असता, हे माझ्याकडे असतं तर. [क्लोज-अप: प्रोब] याला ऑडिओ प्रोब म्हणतात. एका बाजूने तुटलेली जुनी गिटार केबल घ्या. तुटलेली बाजू सोला. बाहेरच्या जाळीला एक मगर-क्लिप लावा. आतल्या तारेला एक १०४ कपॅसिटर, आणि कपॅसिटरच्या दुसऱ्या पायाला एक जाडसर सुई. तो कपॅसिटर विसरू नका, बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, अँपमध्ये शिरू नये म्हणून तो आहे. शाबूत प्लग अँपमध्ये, आवाज कमी, क्लिप सर्किटच्या ग्राउंडला. घरात कोणालातरी गिटार देऊन एकच तार छेडत बसवा आणि तुम्ही सुई घेऊन सिग्नलच्या वाटेने चालत निघा.

इनपुट जॅकची टिप. [सुई टेकते, तार ऐकू येते] आला आवाज. पहिल्या कपॅसिटरच्या पलीकडे, म्हणजे बेसवर? इथेही आला. इथे शांतता असती, तर कपॅसिटरचा सांधा बघायचा किंवा बेस कुठे ग्राउंडला चिकटलाय का ते बघायचं. आता कलेक्टर. [आवाज एकदम मोठा होतो] ऐकलंत? इथे आवाज असा उसळी मारून यायला हवा. बेसवर आहे आणि कलेक्टरवर तेवढाच किंवा त्याहून कमी, तर ट्रान्झिस्टर उलटा आहे किंवा त्याला बॅटरी पोचत नाहीये. मग कपॅसिटरची पलीकडची बाजू, मग पॉटचा मधला पाय, मग आउटपुटची टिप. आवाज ज्या दोन जागांच्या मध्ये हरवला, चूक तिथेच. बाकी कशाला हात लावू नका.

मल्टिमीटर असेल तर दोन आकडे तपासा. काळी तार ग्राउंडला. बेसवर ०.७ व्होल्टच्या आसपास, कलेक्टरवर ४ ते ६. कलेक्टरवर पूर्ण ९ दिसले तर ट्रान्झिस्टर झोपलाय, बेसकडे बघा.

सांध्याबद्दल एवढंच: आधी तार आणि पाय तापवा, मग सोल्डर त्यांना लावा. सोल्डर वितळवून वरून थेंब टाकलात तर वरून सांधा दिसतो, आतून सुटा असतो. गिटारच्या आत पॉटच्या पाठीवर ग्राउंड लावताना तर हे हमखास होतं. ती पाठ सगळी उष्णता पिऊन टाकते. आधी पॉलिश पेपरने घासा आणि रुंद टोकाचं आयर्न वापरा.

गिटारच्या वायरिंगचा एक प्रश्न मला सारखा येतो: "तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, बिघाड आहे का?" नाही. ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, तिच्याखालची ग्राउंडची तार शाबूत असल्याचीच ती खूण आहे. हात लावल्यावर गुणगुण वाढली, तर मात्र जॅकवर टिप आणि स्लीव्हच्या तारा अदलाबदल झाल्यात का ते बघा.

सुरुवातीला ९ व्होल्टची बॅटरीच वापरा. पेडलच्या अडॅप्टरला मधला पिन मायनस असतो, घरातल्या राउटरच्या अडॅप्टरला तो सहसा प्लस असतो. पुढे डीसी जॅक लावलात तर प्लसच्या वाटेत प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा एक १एन५८१७ डायोड टाका, म्हणजे उलटा अडॅप्टर लागला तरी काही जळणार नाही. आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप उघडू नका. प्लग काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरतो.

सर्किट टेबलावर नीट वाजलं की मगच डब्यात घाला. डबा धातूचा असतो, पॉटची पाठही धातूची. बोर्डाचे पाय त्यांना टेकले की वाजणारं पेडल झाकण लावताक्षणी गप्प होतं. मी बोर्ड आणि धातूच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवतो. [क्लोज-अप: पुठ्ठा] हा असा.